अक्काच्या केसची विल्हेवाट

माझ्या आत्याच्या शेताला जायला दोन वाटा होत्या. एक सरळ, चुलत्याच्या रानामधून. दुसरी ओढ्यात उतरून, गोट्यांवरून वळसा घालून, पलीकडच्या दरडीवर चढणारी. मला कळायला लागलं तेव्हापासून पहिल्या वाटेवर काटेरी तार होती आणि आत्या दुसऱ्या वाटेनं जायची. डोक्यावर तुरीचा भारा, एका हातानं लुगडं वर धरलेलं, आणि तोंडानं ओढ्याला शिव्या. चुलत्याला तिनं कधी शिव्या दिल्या नाहीत. त्या सगळ्या ओढ्याच्या वाट्याला आल्या.

वडील तिला अक्का म्हणत, म्हणून आम्ही पोरंही अक्काच म्हणू लागलो. सीमेपलीकडे, बीदर जिल्ह्यात मंठाळच्या बाजूला आमच्या गावात कन्नड बोलणारे शेजारीही तिला अक्का म्हणतात, त्यामुळे तिला दुसरं काही नाव असेल असं मला बरीच वर्षं वाटलंच नव्हतं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत सासरच्यांनी तिला परत पाठवलं. आजोबांनी तिला ओढ्याकाठची एक पट्टी तोडून दिली. आमचे आजे-पणजे मेंढरं राखणारे. ती सरळ वाट म्हणजे मेंढरांची ओढ्यावर पाण्याला जायची जुनी वाट. पुढे मेंढरं गेली, भावाभावांत वाटण्या झाल्या, मधलं रान चुलत्याकडे गेलं, आणि आजोबा थकल्यावर चुलत्यानं तार ओढली.

तेव्हा अक्का कोर्टात गेली. स्वतःच्या नावानं दावा लावला. आमच्या घरातलं कुणी त्याआधी कोर्टाची पायरी चढलं नव्हतं. ती साक्षीला उभी राहिली, हे आई मला सांगायची, अगदी देवाची गोष्ट सांगावी तसं. पण गोष्टीचा शेवट ठरलेला असायचा. केस चालली, आजोबा वारले, वकील आजारी पडून लेकाकडे परगावी गेला, आणि एका तारखेला अप्पा, म्हणजे माझे वडील, एकटेच तालुक्याला गेले. संध्याकाळी परत येऊन त्यांनी ओसरीवर बसून सांगितलं, "कोर्टानं आपल्या केसची विल्हेवाट लावली."

आमच्याकडे विल्हेवाट लावणं म्हणजे काय ते सांगायला नको. पोरानं घड्याळ उघडून पुन्हा जोडता न येण्यासारखं केलं की त्याची विल्हेवाट लावली. उंदरांनी पोत्यातल्या हरभऱ्याची विल्हेवाट लावली. कोर्टानं कागद फेकून दिले, असंच सगळ्यांनी धरलं. अक्कानं ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी ओढ्यातून शेताला गेली.

मी गावातल्या मराठी शाळेत शिकले. पुढं कन्नड माध्यमात घालायचं की शाळाच सोडवायची, यावर घरात बोलणं निघालं तेव्हा अप्पा म्हणाले, "पोरीला कन्नड शाळा कामून? उद्या उदगीरकडं दिली तर कन्नड काय भाकरीसंगं खाईल?" अक्का चुलीपुढून म्हणाली, "घरात एकाला तरी सरकारचा कागद वाचता यावा. न्हाईतर कुणी काय सांगितलं ते मुंडी हलवून ऐकायचं." मी कन्नड शाळेत गेले. पहिलं वर्ष रडत काढलं. शिक्षक चांगले भेटले. वर्गात माझ्या मराठी वळणाच्या कन्नडला पोरं हसायची तेव्हा ते हसणाऱ्यालाच फळ्याकडे पाठवायचे. नंतर बी.ए. झाले, घरातली पहिली पदवीधर. आता एका खाजगी शाळेत शिकवते. आज हे लिहिते आहे त्यामागे ते शिक्षक आहेत, आणि चुलीपुढचं ते एक वाक्य आहे.

तालुक्याच्या कोर्टात मी पहिल्यांदा गेले ते वेगळ्याच कामाला. मराठी शाळेच्या दाखल्यावर माझं आडनाव एका तऱ्हेनं लिहिलेलं आणि कन्नड शाळेच्या दाखल्यावर दुसऱ्या तऱ्हेनं. सीमेवरच्या पोरांचं हे नेहमीचं. दोन्ही मीच, असं प्रतिज्ञापत्र करायचं होतं. ज्या वकीलबाईंकडे गेले त्या माझ्याच वयाच्या, औरादकडच्या. मराठी, कन्नड आणि थोडं तेलुगू एकाच वाक्यात बोलणाऱ्या. त्यांना वेळ लागणार होता म्हणून म्हणाल्या, "इथं उभं राहून काय करायलाव मॅडम, आत जाऊन बसा की."

"मला आत सोडतील?"

"कोर्ट उघडं असतंय. कुणीबी बसावं. फक्त मोबाइल बंद करा अन् बोलू नका."

मी घाबरतच शेवटच्या बाकावर बसले. माझी कल्पना होती की कोर्टात लोक ओरडतात. तिथं कुणी ओरडत नव्हतं. पांढऱ्या कपड्यातल्या शिपायानं दाराशी जाऊन एका माणसाला पुकारलं, तेवढाच काय तो आवाज. धोतर नेसलेला एक म्हातारा साक्षीला उभा राहिला. जवळच्याच गावचा असावा, बोलणं आमच्यासारखंच होतं. न्यायाधीशांनी कन्नडमध्ये विचारलं, तो मराठीत बोलला. त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं, लेखनिकाला एक वाक्य सांगितलं, ते टाइप होईपर्यंत थांबले, आणि मग म्हाताऱ्याला विचारलं, "पुढं?" तो बैलाचं काहीतरी लांबण लावून सांगत होता. सगळं कोर्ट त्याच्या बैलासाठी थांबलं होतं. शेवटी लिहिलेलं सगळं त्याला वाचून दाखवलं, समजावून सांगितलं, आणि त्यानं एका जागी "न्हाई, मी असं न्हाई म्हणलो" म्हटल्यावर ते दुरुस्तही केलं. आमच्या गावात अशा म्हाताऱ्याला पंचायतीत दोन वाक्यं पुरी करू देत नाहीत. अक्काही अशीच इथं उभी राहिली असेल, एवढंच मनात येत होतं.

बाहेर आले तर व्हरांड्यात एक पडदा लावला होता. त्यावर केसचे नंबर सरकत होते आणि पुष्कळ नंबरांपुढे कन्नडमध्ये एकच शब्द होता. विलेवारी. 

तो शब्द मला ठाऊक होता. नगरपालिकेच्या घंटागाडीवर मोठ्या अक्षरांत असतो. 'कस विलेवारी', म्हणजे कचऱ्याची विल्हेवाट. पदवीपर्यंत कन्नड शिकून या शब्दाशी माझी ओळख कचऱ्याच्या गाडीपुरतीच होती. मी पडद्याकडे बघत राहिले. एवढ्या केसची यांनी विल्हेवाट लावली? आणि वर ती पडद्यावर मांडली?

वकीलबाई प्रतिज्ञापत्र घेऊन आल्या तेव्हा मी विचारलं. 

"विलेवारी म्हणजे केस निकाली निघाली," त्या म्हणाल्या. "जजमेंट झालं. मुगीतु, संपलं."

"कागद फेकून दिले असं नाही?"

"अय्यो, फेकून द्यायला ते काय उष्टी पत्रावळ आहे?" आणि त्या हसल्या. मी हसू शकले नाही. ओसरीवर बसलेले अप्पा मला दिसत होते. त्यांना कुणीतरी याच व्हरांड्यात, चांगल्या मनानं, खरं तेच सांगितलं असणार: निम्म केस विलेवारी आयतु, तुमची केस निकाली निघाली. आणि अप्पांनी तो शब्द वाटेत कुठेतरी मराठी करून घरी आणला होता.

घरी गेल्यावर अक्का अंगणात सुपात तूर घेऊन बसली होती. अप्पा बाजेवर होते. मी सांगून टाकलं. 

अप्पा उठूनच बसले. "मला कन्नड शिकवायलीस व्हय? जन्म गेला माझा बाजारात कन्नड बोलून."

"बाजारात शेळ्या विकायलास तू," अक्का सुपातून मान न उचलता म्हणाली. "कोर्टात कुठं शेळ्या असत्यात?" मग तिनं सूप खाली ठेवलं आणि मला विचारलं, "निकाल कुणाच्या बाजूनं?"

"ते अजून माहीत नाही."

तिचा चेहरा उतरला. असं होईल हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. "मग कामून सांगायलीस?" ती म्हणाली. "इतकी वर्सं फेकलं म्हणून बरं होतं. खोटी पडले असं तर कुणी म्हणलं न्हाई. आता त्यात निघालं की ही बाई खोटं बोलायली, तर?"

वाटेचं नंतर. तिला पहिली काळजी ही होती. अप्पाही म्हणाले, राहू दे, जुनं कशाला उकरायचं. दोन दिवस कुणी विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले तर अक्का धुतलेलं लुगडं नेसून दारात उभी. "चल," म्हणाली. "वर गेल्यावर बा विचारील, काय झालं म्हणून. त्याला काय सांगू?"

जुने निकाल जिल्ह्याच्या ठिकाणी, बीदरला, रेकॉर्ड रूममध्ये गेले होते. वकीलबाईंनी नकलेचा अर्ज लिहून दिला. अक्का स्वतः दाव्यातली वादी, त्यामुळे तिच्या अंगठ्यावर काम होणार होतं. त्या म्हणाल्या की परक्या माणसालाही कारण सांगून निकालाची नक्कल मागता येते. कोर्टाचा निकाल ही कुणाच्या कपाटातली वस्तू नसते. हे वाक्य मी बसमध्ये पुन्हा पुन्हा मनात म्हणत होते.

खिडकीवरच्या कारकुनांनी विचारलं, "केस नंबर?" तो आमच्याकडे नव्हता. "मग वादी कुणाच्या नावानं?" मी अक्काचं नाव आणि आमचं आडनाव सांगितलं. अंदाजानं वर्ष सांगितलं. त्यांनी त्या वर्षाचं पाहिलं, मागचं पाहिलं, पुढचं पाहिलं. नाही. पुढच्या आठवड्यात या, म्हणाले. पुढच्या आठवड्यातही नाही. घरी आल्यावर अप्पा माझ्याकडे बघून म्हणाले, "आता बोल. लावली का न्हाई विल्हेवाट?"

तिसऱ्या खेपेला त्या कारकुनांनीच दखनी वळणाच्या मराठीत विचारलं, "बाईचं लगीन झालेलं ना? नवऱ्याचं नाव काय?"

मी म्हटलं, अक्का, सांग. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "इथं खिडकीत उभी राहून उखाणा घेऊ व्हय मी?" मागच्या रांगेतले लोक हसले. कारकूनही हसले, आणि मग लगेच गंभीर होऊन म्हणाले, "बाय, सावकाश सांगा. घाई नाही." अक्कानं माझ्या कानाशी तोंड आणलं आणि नाव सांगितलं. आमच्या घरात ते नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं. ज्या माणसानं तिला घराबाहेर काढलं त्याचं नाव तिनं कधी तोंडानं घेतलं नव्हतं, आणि कोर्टाच्या दप्तरात ती त्याच नावामागे उभी होती. म्हणजे तेव्हा, तरुणपणी, भर कोर्टात तिला ते उच्चारावं लागलं असणार.

त्या नावानं केस सापडली. 

कारकून आत गेले तेव्हा दार थोडं उघडं राहिलं. आत जायला आम्हाला परवानगी नव्हती, पण दारातून जेवढं दिसलं ते मी विसरणार नाही. छतापर्यंत लोखंडी मांडण्या, आणि त्यांवर कापडात बांधलेली गाठोडी. लाल, मळकी, काही इतकी जुनी की कापडाचा रंगच सांगता येऊ नये. अगदी खालच्या मांडणीत निजामाच्या काळातली उर्दू मिसलं, म्हणजे खटल्यांची दप्तरं, आहेत, असं नंतर त्यांनी सांगितलं. कुणाचा बांध, कुणाची विहीर, कुणाचा मार, कुणाचं दत्तक जाणं. भांडणारे मरून गेले, त्यांची भाषा कोर्टातून गेली, राज्य गेलं, आणि त्यांनी काय मागितलं होतं व त्यांना काय मिळालं हे इथं जागच्या जागी होतं. देवळात गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी उभं राहिल्यावर आवाज आपोआप खाली येतो, तसा माझा आला. अक्कानं तर हातच जोडले. 

नक्कल मिळाली त्या दिवशी अप्पाही बरोबर आले होते. कारकुनांनी आधीच सांगून ठेवलं होतं: साक्षीचे मूळ कागद नियमाप्रमाणे मुदत संपल्यावर नष्ट केलेले आहेत, निकाल आणि हुकूमनामा तेवढा कायम ठेवतात. "बघ," अप्पा हळूच म्हणाले, "थोडी तर लावलीच." 

कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बाक होता. मी शेवटचं पान उघडायला लागले तर अक्कानं माझा हात धरला. "पहिल्यापासनं वाच. शेवट चोरून बघायचा न्हाई." म्हणून मी कन्नड ओळ वाचत, मराठीत सांगत पहिल्यापासून निघाले. वादी कोण, प्रतिवादी कोण, वाद काय. अप्पा पाठ करून उभे होते, पण पान उलटताना कागदाचा आवाज झाला की त्यांची मान थोडी वळायची. 

मग तो परिच्छेद आला. वादीनं साक्षीत सांगितलं आहे की ही वाट तिनं मागून घेतलेली नाही. ती तिच्या आजाच्या मेंढरांची आहे. मेंढरं आता नाहीत. पण त्यांच्या खुरांनी वाट दोन्ही बाजूंच्या रानापेक्षा खोल गेलेली आहे, आणि ती नांगरून बुजवली तरी पाऊस तिथूनच वाहतो. साहेबांनी येऊन पाहावं, असं तिनं म्हटलं आहे.

मी थांबले. साक्षीचे कागद गेले होते, पण न्यायाधीशांनी तिचं बोलणं आपल्या निकालात उतरवून घेतलं होतं, म्हणून ते उरलं होतं. लिहिता-वाचता न येणाऱ्या एका बाईचं बोलणं. मी पाळण्यात असतानाचं.

"मी असं न्हाई म्हणले," अक्का म्हणाली.

"मग?"

"'साहेबांनी पाहावं' कशाला म्हणेन मी? 'तुम्हीच या की बघायला, चप्पल काढून या, पायाला कळंल', असं म्हणले. सगळे हसले होते. ते न्हाई हसले."

पुढं लिहिलं होतं की कोर्टानं नेमलेल्या कमिशनरनं जागा पाहिली, वाट खरंच खोल आहे. आणि त्याखाली: वादीची साक्ष सरळ आहे, उलटतपासणीत ती डगमगली नाही, तिच्यावर विश्वास न ठेवण्याचं काहीही कारण या न्यायालयाला दिसत नाही.

अक्कानं ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग कन्नडमध्येच वाच म्हणाली. मग मराठीत. तिनं पदराचं टोक तोंडात धरलं होतं. शेवटचं पान मी वाचलं तेव्हा तिचं अर्धं लक्ष नव्हतं. दावा मंजूर. प्रतिवादी व त्याच्या वारसांनी वाट अडवू नये, अशी कायमची मनाई. 

"नशीब म्हणायचं," अप्पा पाठमोरेच म्हणाले. "मी एक शब्द नीट विचारून आलो असतो तर..."

"जाऊ दे की," अक्का म्हणाली. "तू तेव्हा बा गेल्याच्या दुःखात होतास. शेळ्याबी स्वस्तात देऊन यायचास."

वकीलबाईंनी सांगितलं की दुसरे हुकूमनामे मुदतीत बजावून घ्यावे लागतात, पण कायमच्या मनाईला मुदत नसते. ती आजही तितकीच जिवंत आहे. मला हे ऐकून काय वाटलं ते नीट लिहिता येत नाही. आम्ही सगळे विसरलो होतो, आणि कुठल्यातरी गाठोड्यात एक हुकूम इतकी वर्षं अक्काच्या बाजूनं उभा होता. ती ओढ्यातून चालत होती त्या प्रत्येक दिवशी.

चुलता आता नाही. त्याच्या मुलाकडे, माझ्या चुलत भावाकडे, मीच नक्कल घेऊन गेले. तो कागद उलटसुलट करून म्हणाला, "आमच्या घरात बी हेच म्हणायचे. केसची विल्हेवाट लागली म्हणून. तुझ्याच अप्पानं सांगितलं होतं गावात." त्याचे वडील शेवटच्या तारखांना गेलेच नव्हते. एका शब्दावर दोन घरं बसून राहिली होती, एक रडत आणि एक निर्धास्त.

"अण्णा, वाट सोड," मी म्हटलं. "नाही तर पुन्हा कोर्टात जावं लागेल."

"मी कन्नड वाचणाऱ्याकडून वाचून घेतो. तुझ्यावर भरवसा न्हाई असं न्हाई. पण तुझ्या घरचं कन्नड बघितलंय आता."

त्याला यावर बोलायचा हक्क होता. त्यानं तालुक्याला, बसवकल्याणला जाऊन कागद वाचून घेतला. आठवड्याभरानं एका सकाळी खांब उपटलेले दिसले आणि तारेचं वेटोळं त्याच्या गोठ्याला टेकवलेलं. गावात तो सांगत फिरला, "तार मी काढली न्हाई, कोर्टानं काढली." तेही खरंच होतं.

त्या सकाळी मी मुद्दाम शाळेला उशिरा निघाले. वाट बघायला मी आणि अप्पा मोकळ्या बांधाशी उभे राहिलो. वाट खरंच खोल होती. इतकी वर्षं तारेपलीकडून बघून मला ते कधी दिसलं नव्हतं. अक्का भाकरीचं गाठोडं घेऊन घरातून निघाली, बांधापर्यंत आली, आणि सरळ ओढ्याकडे वळली.

"अक्का!" अप्पा ओरडले. "तिकडं कामून जायलीस? वाट मोकळी झाली न्हाई व्हय?"

ती ओढ्याच्या काठाला थांबली. खाली स्वतःच्या पायांकडे बघितलं, आणि तिला हसू आलं.

"मला वाचून दाखवलं तुम्ही," ती म्हणाली. "ह्या पायांना कुणी दाखवलं?"

मग ती मागं आली, बांधाशी चप्पल काढून हातात घेतली आणि वाटेत उतरली.